बोगद्यात अडकलेलं इंजिन

सुधीर कर्णिकच्या डोंबिवलीच्या घरात, आतल्या खोलीत, एक अख्खा घाट उभा होता. टेबलावर ठेवलेल्या प्लायवूडवर रूळ, कागदाच्या लगद्याचे डोंगर आणि मधोमध बोगदा. भावाने जर्मनीहून पाठवलेलं छोटं इंजिन त्यावर धावायचं. त्याचा हेडलाइट फारच मिणमिणता वाटला, म्हणून सुधीरने त्यात जास्त ताकदीचा बल्ब बसवला होता.

त्याच खोलीत त्याची बायको सुमती हिच्या सासूबाईंचा पलंग होता. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना कुशीवरसुद्धा वळता येत नव्हतं. दुपार कलली की त्या म्हणायच्या, "सुमती, अगं गाडी लाव ना."

त्या दुपारीही तिने लावली. सुधीर ठाण्याला ऑफिसात होता. बिल्डिंगही सगळी कामावर गेलेली. इंजिन वळण घेऊन बोगद्यात शिरलं आणि बाहेर आलंच नाही. चाक घसरलं असावं. आतला पिवळा उजेड मात्र दिसत होता. सुधीर करायचा तसं तिने वेगाचं बटण जरा पुढे फिरवलं. आत काहीतरी चरचरलं आणि प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला.

"काय गं झालं?"

"काही नाही, आई."

तिने घाईघाईने भिंतीवरचं बटण बंद केलं. दिवा विझायला हवा होता. पण बोगद्यातला उजेड विझला नाही, उलट लाल होत गेला. डोंगराला चीर पडली आणि तिच्यातून काळा धूर वर आला.

पाणी आणावं तर मोरी पॅसेजच्या टोकाला, आणि पलंग त्या टेबलाला जवळजवळ चिकटलेला. पाणी आणेपर्यंत चादरीने पेट घेतला तर? तिने खिडकीतून हाक मारली, "जया! अगं जया!" शेजारच्या घराला कुलूप होतं.

"तू जा बाहेर," सासूबाई खोकत म्हणाल्या. "ऐक माझं, जा."

"गप्प बसा!" सुमती ओरडली. सासूबाईंशी ती असं कधीच बोलली नव्हती.

तिने गादीची दोन टोकं धरली आणि मागे रेलून ओढली. गादी धपकन खाली आली. सासूबाईंनी अशी किंकाळी फोडली की आपण त्यांचं हाड पुन्हा मोडलं, असंच सुमतीला वाटलं. तरी ती थांबली नाही. धुराने डोळे मिटलेलेच होते. उंबऱ्याला टाच लागली तेव्हा कुठे दार आल्याचं तिला कळलं. त्यांना पॅसेजमध्ये सोडून, त्यांच्या अंगावरची गोधडी घेऊन ती मोरीकडे धावली, पिंपात ती बुचकळली आणि ती ओलीगच्च गोधडी त्या जळत्या डोंगरावर टाकून वरून दाबत राहिली. हातांना चटके बसत होते. चर्र आवाज बंद झाला तरी तिला हात काढायचा धीर होईना.

सुधीर आला तेव्हा दोघी पॅसेजमध्येच एकमेकींना धरून बसल्या होत्या. त्याने खोलीत डोकावलं आणि तो त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला.

"बल्ब मी बसवला," एवढंच तो म्हणाला.

खुब्याला नवी इजा नसल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सुमती पहिल्यांदा रडली.

पुढे सुधीरने इंजिन दुरुस्त केलं आणि हेडलाइटला पिवळा एलईडी लावला. "हा तापत नाही गं. बघ हात लावून."

तिने बोट टेकवलं. इंजिनाचं नाक थंडगार होतं.

"अहो, पण बोगदा नको," ती म्हणाली. "आणि आईंचा पलंग दाराशी हलवा. आत्ताच."

त्याने लगेच दोन्ही केलं. गाडी उघड्या रुळांवरून फिरू लागली. सासूबाईंनी सुमतीचा भाजलेला तळवा आपल्या हातात घेतला आणि हळूच विचारलं, "तुला नको वाटत असेल तर बंद करायला सांगू?"

"चालू द्या, आई," सुमती म्हणाली. पण दुसरा हात तिने भिंतीवरच्या बटणावरून काढला नाही.