मास्तरांची साक्ष

"इथलं बाहेर जात नाही ना, फादर?"

कन्फेशनच्या जाळीपलीकडचा आवाज फादरांच्या चांगल्या ओळखीचा होता, मास्तरांचा. गेली अकरा वर्षं हा आवाज रविवारी चर्चमध्ये ऑर्गनसोबत गाताना सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे असायचा, आणि इतर दिवशी दुपारी बुद्धिबळाच्या पटावर "घोडा गेला तुमचा" असं म्हणायचा. पण जाळीच्या अलीकडे बसलं की ओळख विसरायची असते.

"नाही जात," फादर म्हणाले.

"बिशपकडेसुद्धा?"

"पोपकडेसुद्धा. मी मेलो तरी नाही."

"मग ठीक आहे. मी एका माणसाविरुद्ध बिशपना निनावी पत्र लिहिलंय."

"नाव सांगायची गरज नाही."

"तुमच्याविरुद्ध."

तीस वर्षांत फादरांनी या जाळीतून बरंच काही ऐकलं होतं. एकाने सायकल चोरल्याचं कबूल केलं होतं आणि ती फादरांचीच निघाली होती. 'परत करीन' म्हणाला होता. कधी, ते ठरलं नव्हतं. तो रोज त्याच सायकलवरून "काय फादर, पायीच?" असं विचारत पुढे जायचा आणि फादर "हो, जरा व्यायाम" म्हणायचे. कारण नियमच तसा आहे. इथे ऐकलेलं बोलायचं नाही, सुचवायचं नाही, त्यावरून भुवईसुद्धा उचलायची नाही.

"खोटं काही लिहिलं नाही हं," मास्तर म्हणाले. "सतरा कलमं आहेत, सगळी खरी. फादर धर्माचं काम सोडून बाकी सगळं करतात, एवढंच म्हणणं आहे."

"पश्चात्ताप होतो?"

"होतो. जरा कमी होतो, पण होतो."

मग मास्तरांचा आवाज खाली आला. "आईनं शेवटच्या दिवशी एकदाच डोळे उघडले. म्हणाली, फादर आले का? मी समोरच होतो. तिचा हात माझ्या हातात होता. पुन्हा मिटले ते मिटलेच."

'पत्र मागे घ्या' असं प्रायश्चित्त देता आलं असतं. पण मग ते देवासाठी दिलं की स्वतःसाठी, हे कुणाला विचारायचं? फादरांनी तीन प्रार्थना सांगितल्या. वय चोरणाऱ्या बायकांना ते तीनच सांगत. दहा सांगितल्या असत्या तर सूड वाटला असता.

"संपलं?" मास्तरांनी विचारलं.

"संपलं. शांतीने जा."

ते गेले. ज्याला क्षमा केली त्याच्यावर रागावायची सोय राहत नाही, हे फादरांच्या आत्ता लक्षात आलं. रांगेतल्या पुढच्या बाईने सुनेशी भांडल्याचं सांगितलं, तेव्हा फादर म्हणाले, "भांडा, भांडा. समोरासमोर आहे तोवर चांगलं आहे."

रविवारी बिशपचा निरोप आला: तुमच्याविरुद्ध निनावी पत्र आलंय, उद्या या, चौकशी आहे. सोबत तुम्हाला नीट ओळखणारा, गावातला एक भला माणूस आणा. चर्चच्या मंडळाने माणूस निवडायला अर्धं मिनिट घेतलं. मास्तर, एकमताने.

फादरांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशींना ही बातमी कळली तेव्हा त्या लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "कोण मेला आहे तो? हात झडोत त्याचे!"

"मावशी, असं बोलू नये."

"तुम्ही गप्प बसा हो. मास्तर, तुम्ही शोधा त्याला. तुम्हीच शोधाल."

"बघतो," मास्तर म्हणाले. ते सरबत पीत होते.

सोमवारी दोघं एकाच स्कूटरवरून निघाले. वळणावर मास्तरांनी तोल सांभाळायला फादरांचा खांदा धरला. "सावकाश, फादर. घाई कसली आहे?"

बिशपच्या खोलीत घड्याळ फार जोरात वाजत होतं. बिशप म्हातारे होते, न्यायी होते आणि त्यांना चष्मा सापडत नव्हता. सापडल्यावर त्यांनी टाईप केलेलं पत्र समोर धरलं.

"कलम तीन. विधवेच्या घरी छपरावर चढून पाण्याची टाकी धुतली. खरं?"

"खरं."

"कलम सहा. एका नवऱ्याला कपड्यांना इस्त्री करायला शिकवली."

"संसार मोडत होता. मोडला नाही."

"कलम नऊ. कमोडची खुर्ची स्कूटरला बांधून भर बाजारातून नेली. झग्यासकट." बिशपनी वर पाहिलं. "झगा खुर्चीला की तुम्हाला?"

"मला."

"फादर, तुम्ही पुरोहित का झालात?"

"सेमिनरीत हेच विचारलं होतं. काय करायला आलास? मी म्हटलं, पडेल ते. सगळे हसले आणि मला घेतलं. त्यांनी विचारलंच नाही, कुठवर पडेल ते."

बिशपनी पत्र खाली ठेवलं. "हे बघा. निनावी पत्र मला आवडत नाही. कुणी डूख धरून लिहिलंय एवढं कळलं तरी आत्ता फाडतो आणि तुम्ही तुमच्या माणसांत परत जाता. नाहीतर माझ्या वरची मंडळी मला सोडणार नाहीत, तुम्हाला दफ्तरखान्यात जुन्या वह्या सांभाळायला पाठवावं लागेल. कुणावर संशय?"

"मला काही सांगायचं नाही."

"फादर, एक नाव."

"नाही."

बिशप मास्तरांकडे वळले. "मास्तर, ही नवव्या कलमातली खुर्ची कुणासाठी होती? आजारी माणसासाठी असेल, तर हे कलम तर कौतुकाचं आहे. आणि मग बाकीचीही तशीच असणार."

खुर्ची मास्तरांच्या आईसाठी होती. सतरांतली नऊ कामं मास्तरांच्याच घरची होती. हे फादरांना जाळीबाहेरही ठाऊक होतं, बोलायला तशी हरकत नव्हती. पण आता जाळीच्या आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं, हे वेगळं करायला त्यांचा स्वतःवर भरवसा राहिला नव्हता. ते मास्तरांच्या बुटांकडे पाहत राहिले. बूट स्वच्छ होते.

"आठवत नाही, बिशप," मास्तर म्हणाले.

बिशपनी चष्मा काढला.

शनिवारी निरोपाला सगळं गाव थांब्यावर आलं. मावशी रडत होत्या आणि रडता रडता पत्र लिहिणाऱ्या त्या अज्ञात माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. फादरांची पेटी मास्तरांनी उचलली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. लोक एकमेकांना म्हणाले, मैत्री असावी तर अशी. पेटी जड होती, मास्तरांना धाप लागली. त्यांनी ती बसमध्ये नीट आत सरकवली आणि खिडकीखाली येऊन उभे राहिले. डोळे लाल होते. ते खरेच लाल होते, हे फादरांनी पाहिलं.

"पत्र लिहीत जा, फादर," मास्तर म्हणाले.

फादरांच्या ओठांवर त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला विनोद आला. तो त्यांनी गिळला.

"लिहीन," ते म्हणाले.

बस हलली. सगळ्यांनी हात हलवले, मास्तरांनीही. फादरांनी निरोपाला हात उचलला, आणि तीस वर्षांच्या सवयीने तो हवेत क्रूसाची खूण करू लागला. मध्येच त्यांच्या ते लक्षात आलं. हात क्षणभर तिथेच थांबला. मग त्यांनी ती खूण पुरी केली आणि खिडकी लावून घेतली.