बावन्न पाउंड

“छत्तीस,” वडील म्हणाले.

त्यानं तिसरा गिअर टाकला आणि पाय खाली दाबला. बॉनेटखालून सुपरचार्जरची बारीक शीळ सुरू झाली आणि चढत गेली.

“चाळीस. चव्वेचाळीस. अठ्ठेचाळीस.”

गोदामांची लांबलचक भिंत बाजूनं मागे पळत होती. त्याची नजर रस्त्यावर होती, वडिलांची समोरच्या काचेवर. काचेला बाहेरून चिकटपट्टीनं एक प्रेशर गेज चिकटवलं होतं, तबकडी वडिलांच्या बाजूला वळवून. गेजची नळी बॉनेटच्या फटीतून आत इंजिनापर्यंत जात होती.

“बावन्न,” वडील म्हणाले. “बावन्न. बावन्न.”

आणि नेमकी तिथंच गाडीनं मान टाकली. ठसका लागावा तशी दोनदा अडखळली, आणि शीळ वरच्या वर राहूनही वेग मात्र मेला. त्यानं पाय काढला.

“काटा पडला?”

“जागचा हलला नाही. बावन्न म्हणजे बावन्न.”

त्यानं गाडी कडेला घेतली, वही काढली आणि एकोणिसाव्या फेरीखाली तेच आकडे लिहिले. वरच्या अठरा फेऱ्यांतही तेच होते. एखाद्या हुशार पोरानं पाढा लिहावा तसे, खाडाखोड नाही, एक पाउंड इकडचा तिकडे नाही. पूर्वी त्याला या नेटकेपणाचा अभिमान वाटायचा. आता आकडे लिहून झाले की तो वही पटकन मिटायचा.

भानगड तशी सरळ होती. सुपरचार्जर इंजिनात हवा कोंबतो. हवा जितक्या जोरानं कोंबली जाईल, तितक्या जोरानं मागून पेट्रोलही यायला हवं. गाडी जागेवर चालू असताना पेट्रोलचा दाब छत्तीस पाउंड, पूर्ण जोरात बावन्न. त्यात कमी पडलं तर इंजिन उपाशीपोटी तापतं आणि पिस्टन वितळतात. आता गाडीतला दुसरा, धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा मीटर सांगत होता, की जोरात नेलं की पेट्रोल कमी पडतंय. वडील सांगत होते, की पेट्रोलचा दाब हवा तेवढा आहे. दोन्ही खरं धरायचं तर दोष पुढे कुठेतरी असणार, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरमध्ये नाहीतर सेन्सरमध्ये. त्यानं इंजेक्टर साफ करून घेतले, मग नवे बसवले. सेन्सर बदलला. वायरिंग उसवून पुन्हा बांधलं. हवेच्या पाइपांवर साबणाचं पाणी फिरवून बुडबुडे शोधले. तीन आठवड्यांत नाकी नऊ आले आणि गाडी होती तिथंच होती.

पहिल्या दिवशी तो म्हणाला होता, “पंप असेल, बाबा. टाकीतला पंप जोरात कमी पडत असेल.”

वडिलांनी एक फेरी मारून काटा पाहिला होता आणि म्हणाले होते, “पंप उत्तम आहे. त्याला हात लावू नकोस.”

विषय संपला होता. वर्कशॉप वडिलांनी उभं केलेलं. लांबून गाडी येताना ऐकून कोणता व्हॉल्व्ह सैल आहे ते सांगणारा माणूस, त्याच्या शब्दावर शब्द चढवणार कोण? गेजसमोर मोबाइल लावून चित्रण करायची पद्धत आता सगळीकडे आहे. ती त्यालाही माहीत होती. पण वडील शेजारी बसलेले असताना काट्यावर कॅमेरा लावायचा म्हणजे भर रस्त्यात त्यांना खोटं पाडायचं. त्यापेक्षा त्यानं स्वतःच्या डोक्यालाच खोटं पाडलं. आपल्याला हे काम येत नाही, इतकी वर्षं वडिलांच्या जिवावर निभावलं, असं त्याला आता रोज वाटत होतं. सकाळी उठताना वाटायचं, हातात पाना घेताना वाटायचं. परवा मेहुण्याला त्यानं फोन करून विचारलंही होतं, तुझ्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर माणूस हवा होता ना. मेहुणा आधी हसला, मग त्याला कळलं की हा चेष्टा करत नाही.

बायकोला त्यानं त्याच रात्री सांगितलं होतं. या गाडीचं काही झालं नाही तर शनिवारी शटर ओढायचं, पुन्हा उघडायचं नाही.

“आणि बाबा?” तिनं विचारलं होतं.

त्यानं दिवा मालवला होता.

“बाबा हल्ली पेपर नुसता उलटतात,” ती थोड्या वेळानं म्हणाली. “वाचत नाहीत.”

“त्या पेपरात वाचण्यासारखं असतं काय?” असं म्हणून त्यानं कूस बदलली होती.

आज शुक्रवार होता. गाडीचा मालक, ज्याला वर्कशॉपमध्ये सगळे पायलट म्हणत, कारण तो वाणसामान आणायलाही हातमोजे घालून गाडी चालवायचा, उद्या गाडी घेऊन जाणार होता. पुढच्या आठवड्यात घाटातली शर्यत होती. पायलट भांडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला होता, “तुमच्या वडिलांवर माझा विश्वास आहे हो.” तुमच्यावर आहे, असं काही तो म्हणाला नव्हता.

दुपारी त्यानं शेवटची फेरी ठरवली. नव्या इंजेक्टरांच्या बुडाचे रबर बदलले होते, त्यामुळे गेजची नळी काढून तिच्या जागी बूच लावावं लागलं होतं. ती परत बसवायला तो वाकला, आणि तेवढ्यात फोन वाजला. पायलटच होता. उद्या अकराला येतो म्हणाला, ट्रेलर घेऊनच येतो, म्हणजे तुम्हाला त्रास नको. आवाज अगदी समजूतदार होता. “या,” म्हणून यानं फोन ठेवला, बॉनेट लावलं, गेज काचेला चिकटवलं आणि वडिलांना हाक मारली.

वडील आले, गाडीच्या कडेवरून हात फिरवत फिरवत पुढे आले आणि बसले. गाडीला असा हात लावतच ते चालायचे, घोडेवाला घोड्याला लावतो तसा.

“शेवटची,” तो म्हणाला.

“शेवटची कशाला? सापडेल.”

गोदामांच्या भिंतीपाशी आल्यावर त्यानं विचारलं, “किती?”

“छत्तीस.”

त्यानं पाय दाबला. शीळ चढली. “चाळीस,” वडील म्हणाले, “चव्वेचाळीस,” आणि त्याच क्षणी पुढच्या फाटकातून एक ट्रक मागे मागे येऊ लागला. ट्रक किती बाहेर येतोय ते पाहायला त्यानं मान बाजूला वळवली. नजर काचेवरून सरकत गेली, गेजवरून गेली.

काटा शून्यावर टेकलेला होता.

नळी निखळली! पेट्रोल इंजिनावर उडतंय! त्यानं करकचून ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं, सीटखालचा अग्निशामक ओढला आणि “बाहेर व्हा, बाबा, बाहेर!” असं ओरडत उडी मारली. बॉनेट उघडताना खटका तीनदा निसटला.

आत सगळं कोरडं होतं, बूच जागच्या जागी. वास नाही, थेंब नाही. नळीचं टोक बॅटरीशेजारी कोपऱ्यात, पुसायच्या फडक्यावर निवांत पडलेलं होतं. फोन घेताना त्यानं ते जिथं ठेवलं होतं, तिथंच.

त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. आपल्याच वेंधळेपणावर तो जवळजवळ हसलादेखील. मग ते हसू त्याच्या तोंडावरच वाळलं.

वर्कशॉपमधून निघाल्यापासून नळी लागलेलीच नव्हती. काटा निघाल्यापासून शून्यावर होता. आणि वडील छत्तीस म्हणाले होते, चाळीस म्हणाले होते, चव्वेचाळीस म्हणाले होते.

तो अग्निशामक हातात धरून तसाच उभा राहिला. ट्रकवाला हॉर्न वाजवून वळसा घालून निघून गेला. वडील गाडीतून उतरलेच नव्हते. ते समोर तोंड करून बसले होते, हात गुडघ्यांवर ठेवून.

तो त्यांच्या खिडकीशी गेला.

“गळतंय?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

वडिलांनी त्याच्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, “काटा किती होता?”

खोटं सांगता आलं असतं. ते त्याला सुचलंही.

“शून्य,” तो म्हणाला. “नळी लावायची राहिली होती.”

वडिलांनी मान हलवली. तळवे गुडघ्यांवर हळूहळू घासले.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“झालं वर्षभर. कडेचं दिसतं. जिकडे बघावं तिकडे मधोमध काळं. तुझ्या कानाकडे बघितलं की तुझं तोंड दिसतं.”

“मग हे आकडे?”

“आवाजावरून. त्या आवाजाला बावन्नच असायला पाहिजेत.”

“असायला पाहिजेत!” तो ओरडला. “बाबा, मी आकडे कशाला विचारत होतो? किती असायला पाहिजेत ते मलाही पाठ आहे! तीन आठवडे मी वेड्यासारखा...”

त्याला भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी रडूही येत होतं, आणि त्यातलं कुठलं आधी बाहेर पडू द्यावं ते त्याला कळेना.

“पहिल्या दिवशीच सांगणार होतो,” वडील म्हणाले. “पण तू इतक्या भरवशानं गेज माझ्याकडे वळवलंस. आणि सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशीपासून वर्कशॉपमध्ये येऊन मी करायचं काय?”

त्यानं हातातला अग्निशामक खाली ठेवला.

“म्हणजे पंपच,” वडील मग म्हणाले, अगदी कामाच्या आवाजात. “माझे आकडे सोडून दिले तर बाकी सगळं पंपाकडेच बोट दाखवतंय. तू बरोबर होतास.”

हे ऐकायला त्यानं गेले तीन आठवडे काय वाटेल ते दिलं असतं. आता ते मिळालं होतं आणि त्याचं काय करायचं ते त्याला समजत नव्हतं.

“नळी लाव,” वडील म्हणाले. “आणि तुझा तो मोबाइल लाव समोर. खात्री करून घे. पंप नुसत्या अंदाजानं काढायचा नाही.”

त्यानं नळी लावली, पान्यानं आवळली, दोनदा तपासली. मोबाइल समोर असा बसवला, की गेज पूर्ण दिसेल. गाडी वळवून तो भिंतीच्या टोकाला गेला. वडिलांनी सवयीनं मान वर करून काचेकडे तोंड केलं, आणि मग लक्षात येऊन खाली घातली.

त्यानं पाय दाबला. चित्रण होत होतं, बोलायची काही गरज नव्हती. पण शीळ चढू लागली आणि गाडीतली ती शांतता त्याला सहन होईना. एक डोळा रस्त्यावर ठेवून तो मोबाइलच्या पडद्यावरून वाचू लागला.

“चाळीस. चव्वेचाळीस. सेहेचाळीस.” मग, “त्रेचाळीस. एकोणचाळीस. चौतीस...”

“पाय काढ,” वडील म्हणाले. “काढ, काढ!”

गाडी धक्के खात मंदावली आणि कडेला येऊन थांबली. इंजिन चालू होतं. वडिलांनी डोकं किंचित तिरपं केलं होतं.

“तिसरा बघ,” ते म्हणाले.

“तिसरा काय?”

“तिसरा पिस्टन. वाजतोय.”

त्याला काही ऐकू येत नव्हतं. त्यानं लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, बॉनेट उघडलं, टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली. पहिला. दुसरा. तिसऱ्यावर आवाज स्पष्ट आला, बारीक, कोरडा, टक टक टक. इंजिन उघडावं लागणार होतं. शर्यत गेली, आणि उद्या अकराला ट्रेलरवर चढणारी गाडी आली होती त्याहून वाईट होऊन जाणार होती. तिसरा पिस्टन, हेही वडिलांनी गाडीत बसल्या बसल्या बरोबर सांगितलं होतं. म्हणजे कान अजून शाबूत होते.

हे मनात आलं आणि त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली घेतला.

“बाबा,” तो खिडकीशी येऊन म्हणाला, “हा आवाज आत्ता सुरू झाला?”

वडिलांनी पुन्हा तळवे गुडघ्यांवर घासले.

“कधीपासून येतोय?”

“सोमवारपासून.”

सोमवारपासून त्यांनी सात फेऱ्या मारल्या होत्या. सातही पूर्ण जोरात. सातही वेळा बावन्न.

तो गाडीत येऊन बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर पाहत राहिला.

“आता किती आहे?” वडिलांनी अगदी हळू विचारलं.

त्यानं पडद्याकडे पाहिलं.

“छत्तीस.”

त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. गाडी इथून आता ओढूनच न्यावी लागणार होती. वडील उतरायला वळले. त्यांचा हात दाराच्या कडीकडे गेला, आधी काचेला लागला, मग खिडकीच्या पट्टीला, मग खाली दाराच्या खिशाला, आणि तिथून चाचपडत वर कडीपर्यंत पोचला. तीन आठवडे रोज शेजारी बसून त्यानं हे एकदाही पाहिलं नव्हतं.