भाऊरावांचा सावकाश चहा

“पाहिलं?” गॅसवर पातेलं ठेवून भाऊरावांनी विचारलं.

“पाहिलं,” मेथी निवडता निवडता कुमुद म्हणाली.

एकतीस वर्षं भाऊरावांनी दारूगोळ्याच्या कारखान्यात स्फोटकं भरण्याच्या विभागात काढली होती. तिथला कायदा असा, की एकाने हात चालवायचा आणि दुसऱ्याने नजर ठेवायची. प्रत्येक टप्प्याला ‘देखा?’ विचारायचं आणि ‘देखा’ ऐकल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. घाईच्या माणसाला तिथे पहिल्याच महिन्यात दुसरं काम मिळे. निवृत्तीला बारा वर्षं झाली तरी हा कायदा गोरखपूर मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी सुखाने नांदत होता. आलं किसण्यापासून कप पुसण्यापर्यंत सकाळचा चहा म्हणजे पाऊण तासाचं प्रकरण. नवी नवरी असताना कुमुद त्याने कावून जायची. पुढे तिला त्याचीच गोडी लागली.

पण माणूस मुळातच सावकाश असला, की त्याचं बिघडलेलं लवकर उमगत नाही. कुमुदला ते दिवाळीपासून दिसू लागलं होतं. पूर्वी भाऊराव थांबत ते नीट बघण्यासाठी. आता थांबत ते पुढे काय करायचं हे सापडत नाही म्हणून. आल्याचा तुकडा हातात धरून उभेच राहत. साखर कधी दोनदा पडे, कधी पडतच नसे. हैदराबादच्या लेकीला, प्रणोतीला, कुमुदने काही कळवलं नव्हतं. बायका नवऱ्याचं पुष्कळ झाकतात, तिने एवढं झाकलं. मात्र भाजी निवडायच्या निमित्ताने रोज ओट्याशी बसून ती डोळ्यांत तेल घालून बघायची.

आज तेवढं तिने बघितलं नव्हतं. जीभ सवयीने बोलून गेली, कारण नेमकी तेव्हाच दारात मैत्रेयी आली. ही वरच्या मजल्यावरची भाडेकरू, बँकेत नोकरीला, नाशिकहून बदलून आलेली. तिशीतच रक्तदाब वाढला, तेव्हा डॉक्टरांनी तिला जरा दमाने घ्यायला सांगितलं होतं. म्हणून ती रोज सकाळी इथे येऊन नुसती बसायची.

“काका, तुमच्याकडे बघितलं ना, की आपोआप शांत वाटतं.”

भाऊराव आपल्या स्टुलावर बसून हसले. “घाई काहून करायची पोरी? चाय कुठं पळून चालली काय?”

जानेवारीची थंडी, त्यामुळे दारं-खिडक्या बंद. मैत्रेयी बँकेतल्या कटकटी सांगत राहिली, कुमुद हं हं करत राहिली. मग कुमुदला काहीतरी सडल्यासारखा वास आला. तिने मेथीची जुडी नाकाशी धरली. जुडी ताजी होती.

तिने मान वर केली तेव्हा भाऊराव लायटर घेऊन ओट्याशी उभे होते.

“पेटवायचंच राहून गेलं वाटते,” ते म्हणाले.

कुमुदने झडप घालून त्यांचं मनगट धरलं. मैत्रेयी किंचाळत पंख्याच्या बटणाकडे धावली.

“बटण नको!” भाऊराव कडाडले. हा आवाज कुमुदने चाळीस वर्षांत घरात ऐकला नव्हता. “किसी चीज को हाथ नहीं! कुमुद, गॅस बंद कर. मैत्रेयी, दार उघड. पळायचं नाही. चालत जायचं.”

तिघंही चालत अंगणात आली. मैत्रेयी पायरीवरच बसली. भाऊरावांनी लायटर खाली ठेवला.

“तू पाहिलं म्हणाली होती ना?”

खोटं बोलणं अवघड नव्हतं. पण त्या माणसाशी या एका बाबतीत खोटं बोलायला कुमुदची जीभ रेटेना.

“नाही पाहिलं. सवयीनं बोलून गेली मी. माझंच चुकलं.”

“आजच चुकलं. बाकी रोज तर पाहून राहिली होती. दिवाळीपासून.” ते तिच्याकडे न बघता बोलत होते. “मला समजत नाही काय?”

कुमुदला रडू फुटलं. इतके दिवस तिने झाकलं, आणि इतके दिवस ते तिला झाकू देत होते.

“कारखान्यात हात चुकायला लागला, की साहेबानं सांगायची वाट नाही पाहायची. आपणच उठायचं,” भाऊराव म्हणाले. “आमच्या विभागातले चौधरीजी असेच उठले होते, माझ्यासमोर. टोपी ठेवली आणि चालले गेले.”

“अहो, मी नीट पाहीन ना आता. पुन्हा नाही होणार.”

“नाही.”

वास पुरता गेल्यावर ते आत गेले. ओट्याजवळचं आपलं स्टूल उचलून त्यांनी बाहेर ओसरीत आणून ठेवलं आणि त्यावर बसले. मैत्रेयी वर निघून गेली.

कुमुदने चहा केला. सात मिनिटांत झाला.

“चांगला झाला,” भाऊराव म्हणाले. त्यांनी तो सावकाश संपवला. आठसुद्धा वाजले नव्हते, ऊन अजून फाटकापर्यंत पोचायचं होतं. एवढी मोठी सकाळ, तिचं करायचं काय, हे दोघांनाही कळेना.

ती रिकामा कप घ्यायला गेली. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता. तिने तो तसाच राहू दिला.