बिननावाचा पत्ता

"नाव जुळेना म्हणून राहिलं हे," दत्तप्रसादने मोबाईल काउंटरवर फिरवून सोनाजीसमोर धरला. "आधारवर सोनाजी, पॅनवर सोनबा. तुमाला दोन माणसं धरून राहिलं."

"मग सोनबा खोड अन् सोनाजी लिव्ह."

"आपल्या हातात न्हाई ते, काका. पॅन दुरुस्त करून आणावं लागल. पंधरा-वीस दिवस जातेत त्याला."

वसमतच्या बसस्थानकासमोर दत्तप्रसादचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. सोनाजी आगारातून तसाच उठून आला होता. कपाळावर ग्रीसचा पट्टा होता आणि त्याला त्याची खबर नव्हती.

"दुरुस्त करून आणतो," तो म्हणाला.

सोनाजीचा मुलगा सुरज आठ महिन्यांपूर्वी बँकॉकला गेला होता. कॉम्प्युटरवरचं काम, राहणं-जेवण फुकट, असं हिंगोलीच्या एका एजंटने सांगितलं होतं. विमानतळावरून त्याला गाडीत घातलं आणि नदीपलीकडे दुसऱ्याच देशात नेऊन उंच भिंतींच्या आवारात कोंडलं. पासपोर्ट काढून घेतला. तिथे दिवसभर फोनवर परक्या लोकांशी गोड बोलून ओळख वाढवायची आणि त्यांना खोट्या कंपनीत पैसे गुंतवायला लावायचे, हे काम. कमी पडलं तर मार. सोनाजीने पोलिसांत अर्ज दिला होता, दूतावासाला पत्र गेलं होतं. उत्तराची वाट बघणं चालू होतं.

रविवारी दुपारी पाच मिनिटं घरी फोन करू द्यायचे. शेजारी पहारेकरी उभा असायचा. त्याला हिंदी समजायची, इकडची मराठी समजत नव्हती. त्यामुळे सुरज सगळं खरं सांगू शकायचा. फक्त आवाज हसरा ठेवावा लागायचा.

अशाच हसऱ्या आवाजात त्याने एका रविवारी सांगितलं होतं, "बाबा, ध्यान देऊन ऐका. इथला साहेब कमिशन देतो, पण रुपयात न्हाई. मोबाईलमधली नाणी असतेत, डॉलरच्या भावाची. बाहेरचा पत्ता दिला तर त्याच्यावर टाकतो, न्हाई तर बुडवतो. तुमी वॉलेट उघडा. दत्तादादाला समजतं त्यातलं. पत्ता मला फोनवरच सांगा, इथं मेसेज चालत न्हाई. पैसे आले की मी सांगतो त्या माणसाला तिकडून पाठवा. तो नदी पार करून देतो. शिरड शहापूरचा रणजीत हाय माझ्या संग. दोघं निघू."

"कमिशन कशाचं, बाबू?"

सुरज हसला होता, पहारेकऱ्यासाठी. "बिननावाचं घ्या बाबा, लवकर होतं," एवढं बोलेपर्यंत फोन बंद झाला.

दुसऱ्याच दिवशी दत्तप्रसादने दोन्ही प्रकार समजावून सांगितले होते. एका प्रकारात नाणी कंपनीकडे राहतात. आधार, पॅन, फोटो सगळं द्यायचं. पासवर्ड विसरला तरी कंपनी वाट काढून देते. दुसरं वॉलेट आपलं आपल्याकडे. त्याला नाव नाही, गाव नाही. बारा इंग्रजी शब्द मिळतात, तीच किल्ली. शब्द हरवले की पैसे गेले, आणि मग तक्रार कुणाकडे करायची, तर कुणाकडेच नाही.

"नावाचं काढ," सोनाजीने लगेच सांगून टाकलं होतं.

तीस वर्षं एसटीत मेकॅनिक म्हणून काढलेला माणूस. स्टोअरमधून साधा नटबोल्ट घेतला तरी सही केल्याशिवाय बाहेर पडला नव्हता. पण कारण तेवढंच नव्हतं. ते पैसे कुठून येणार होते हे सुरजने सांगितलं नसलं तरी सोनाजीला कळलं होतं. आपलं नाव, आपला फोटो त्यावर असला तर निदान आपण काही लपवलं नाही, असं त्याला कुठेतरी वाटत होतं. हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नाही.

पॅनच्या दुरुस्तीत रविवार जात राहिले. "बाबा, पत्ता?" "नाव जुळून राहिलं, बाबू, चारच दिवस." पुढच्या रविवारी परत तेच. सुरजचं हसणं दर फोनला आखूड होत गेलं. एकदा तो म्हणाला, "रणजीतचा पत्ता आला. त्याचे पैसे बी पडले."

त्या दिवशी फोन ठेवल्यावर चांगुणा नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. ती मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. जास्त बोलणारी बाई नव्हती.

"तुमाला नाव पाहिजे का पोरगं पाहिजे?"

"चांगुणे, ते पैसे…"

"माहीत हाय मला कशाचे हायेत ते. लोकांचे गळे कापून आणलेले हायेत. मला बी झोप लागत न्हाई. पण त्याला घरी येऊ द्या आधी. मग काय शिक्षा करायची ती मी करते त्याला."

सोनाजीने चपला घातल्या.

रविवार असूनही दत्तप्रसाद दुकानात होता. सोनाजीने बिननावाचं काढायला सांगितलं. ॲप शोधताना दत्तप्रसाद बोलला, "याच नावाचे तीन-चार नकली बी हायेत, काका. दमानं घेऊ." खरं ॲप सापडलं, उतरलं. मग त्याने मोबाईल सोनाजीच्या हातात दिला आणि स्वतः पाठ करून उभा राहिला.

"आता शब्द येतील. कागदावर लिव्हा. मला दाखवू नका, वाचून बी दाखवू नका."

"तू काय परका हायस का?"

"तरी बी नका दाखवू."

सोनाजी दहावीपर्यंत शिकलेला. बारा शब्दांतले दोन त्याला माहीत होते. बाकीचे त्याने एकेक अक्षर बघून उतरवले. मग दत्तप्रसादने साहेबाच्या नाण्याचा प्रकार, सुरजने फोनवर सांगितलेला, दोनदा विचारून घेतला, कारण तो चुकला असता तर पत्ता बरोबर असूनही पैसे भलतीकडे गेले असते. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आला. त्याच्याखाली इंग्रजी अक्षरं आणि आकडे, मोठे-बारके, एकात एक मिसळलेले. सुरुवातीला मोठा टी.

"हा तुमचा पत्ता."

"झालं? एवढंच?"

"एवढंच."

अर्धा तासही लागला नव्हता. सोनाजी बाकड्यावर बसला. दत्तप्रसादने पाण्याची बाटली पुढे केली, ती त्याने नुसती हातात धरून ठेवली.

पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा तो तयार होता. पत्ता वेगळ्या कागदावर उतरवून त्याने आठवडाभर सराव केला होता. "लिव्ह. मोठा टी. मोठा एन. बारका आर. सात. बारका के. मोठा डब्ल्यू…"

"मोठा डब्ल्यू," पलीकडून सुरज म्हणत होता. मागे कुणीतरी ओरडत होतं. "व्हय, पुढं."

"बारका एच. दोन. मोठा पी. पी, पेनातला."

"पेनातला. पुढं, बाबा, पुढं."

अर्ध्याच्या पुढे गेले होते. चांगुणा शेजारी बसून नवऱ्याच्या बोटाकडे बघत होती. बोट कागदावर सरकत होतं. "मोठा जे," सोनाजी म्हणाला. पलीकडून "मोठा जे" आलं नाही.

"सुरज? बारका एम. सुरज?"

फोन बंद झाला होता. त्यानंतरच्या रविवारी तो वाजलाच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सोनाजी संध्याकाळी दुकानात जायचा. दत्तप्रसाद वॉलेट उघडायचा, शून्य दाखवायचा आणि मोबाईल परत द्यायचा.

पावसाळा सरल्यावर रणजीत सोनाजीच्या घरी आला. शिरडहून एसटीने, एकटाच. अंगावर नवा शर्ट होता आणि तो त्याला फार मोठा होत होता. चांगुणाने चहा ठेवला. तो कपाकडे न बघता बोलू लागला.

"माझ्या वहिनीनं दुसऱ्याच दिवशी काढलं होतं वॉलेट, बिननावाचं. म्हणून मी निघालो. सुरजची लई वाट पाहिली, काका."

"त्या दिवशी फोन कटला…"

"वेळ झाली म्हणून पहारेकऱ्यानं हिसकला. सुरजनं तळहातावर लिव्हून घेतलं होतं तेवढं. दोन दिवस हात धुतला न्हाई त्यानं. डावी मूठ मिटूनच जेवून राहिला. उरलेलं पुढच्या रविवारी घेतो म्हणला. मंगळवारी त्याला दुसऱ्या आवारात विकलं."

"विकलं?" चांगुणाने विचारलं.

"व्हय, मावशी. विकतेत तिथं माणसं."

मग सोनाजीने विचारलं, "माझ्यावर चिडला होता का?"

"न्हाई. मीच चिडून म्हणलो, तुझ्या बापाला समजत न्हाई का. तर म्हणला, बाबा बिननावाचं काई घरात आणत न्हाईत, त्यांना येळ लागणारच."

सोनाजी कप रणजीतकडे सरकवत म्हणाला, "घे. निवून जाईल."

उठताना रणजीत म्हणाला, "तिथं बी फोन देत असतील कधीतरी. नंबर बदलू नका."

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर गाडी बंद पडली. आगारात दुसरा मेकॅनिक नव्हता. सोनाजीला जावं लागलं. मोबाईल त्याने घरीच ठेवला. गाडी सुरू करून परत यायला दिवस मावळला.

दारात पोचला तर चांगुणा उंबऱ्याला टेकून बसली होती. मोबाईल मांडीवर होता. दाराच्या आतल्या फळीवर तिने खडूने अक्षरं काढली होती, चौथी शिकलेल्या हाताची, वाकडी. टीपासून शेवटपर्यंत, अख्खा पत्ता. ज्या अक्षरांचं मोठं आणि बारकं रूप सारखंच दिसतं तिथे ती अडली होती.

"आज आला न्हाई फोन," त्याने विचारायच्या आधीच ती म्हणाली. मग बोट उचलून फळीवर ठेवलं. "तुमी नसताना आला तर मला सांगता आलं पाहिजे. हे मोठं हाय का बारकं?"

सोनाजी चपला न काढता खाली वाकला.

"बारकं."

"बारका के," चांगुणा म्हणाली, आणि बोट पुढच्या अक्षरावर नेलं.