दगडी इमारतीतले नातेवाईक

बाबांना साठीत दगडांचं वेड लागलंय, असं आई अख्ख्या सोसायटीला सांगते. डोंबिवलीत आमच्याच बाल्कनीचं प्लॅस्टर गळतंय, तिकडे ढुंकूनही बघणार नाहीत. पण ठाण्याच्या मनोरुग्णालयातली जुनी दगडी इमारत पाडू नये म्हणून उन्हातान्हात सह्या गोळा करतील. "लष्कराच्या भाकऱ्या!" आई म्हणायची. "एक दिवस तुम्हालाच आत ठेवून घेतील."

बाबा हसायचे. खरं कारण त्यांनी फक्त मला सांगितलेलं. त्यांची थोरली बहीण, उत्तराआत्या, त्या इमारतीत वीसेक वर्षं राहिली आणि तिथेच गेली. दर भाऊबीजेला "ठाण्याला जरा काम आहे" म्हणून बाबा सटकायचे, ते तिच्याकडून ओवाळून घ्यायला. लग्न ठरवताना आजोबांनी ही बहीण लपवली होती. "अंतरा, आता सांगितलं तर आई म्हणेल, फसवलंत," बाबा म्हणाले. माणूस म्हातारा झाला तरी बायकोला घाबरतोच.

पाडकामाची सुनावणी रुग्णालयाच्याच सभागृहात होती. तिला आई आमच्यासोबत आली, आधी गंमत बघायची आणि मग राम मारुती रोडवर खरेदी करायची म्हणून. बाबांनी कमानी, चुन्याचं बांधकाम, सागवानी दारं, सगळं घडाघडा सांगितलं. अधिकारी जांभई दाबत म्हणाला, "काका, तुम्ही डोंबिवलीचे. तुमचा काय संबंध?"

बाबा आईकडे बघत राहिले.

"माझी बहीण इथे होती," ते शेवटी म्हणाले. "तिला दुसरं घर नव्हतं. हेही पाडलंत तर ती कुठे राहायची ते दाखवायलासुद्धा काही उरणार नाही."

आई ताडकन उठली. मला वाटलं, झालं, आता भर सभेत घटस्फोट.

"लिहून घ्या," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "माझे विठ्ठलकाका. पुरुषांच्या बाजूला. मी दर दसऱ्याला त्यांना सोनं द्यायला यायचे."

बाबांचा आ वासलेलाच. "अगं, तू तर मावशीकडे जायचीस ना?"

"आणि तुम्हाला काम असायचं!"

दोन्हीकडच्या आजोबांनी एकमेकांना काय झकास गंडवलं होतं! मला हसू आवरेना आणि रडूही. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. "माझी आई," एवढंच म्हणाल्या. अधिकाऱ्याने पेन उघडलं. पाडकाम पुढच्या सुनावणीपर्यंत थांबलं.

बाहेर आल्यावर आईने चक्क बाबांचा हात धरला.

"चला, आधी वन्संची खिडकी दाखवा," ती म्हणाली. "त्यांना मी एकदा नमस्कारसुद्धा केला नाही हो."