तोंडातून काढ

"लावतेस तर लाव कॅमेरा," सासूबाई म्हणाल्या होत्या, "पण ऑफिसात बसून मलाच बघत राहशील. त्याचा पगार देणार आहेत का ते लोक?"

"अहो आई, तुमच्यासाठी नाही, बाळासाठी आहे," मी म्हटलं आणि कॅमेरा टीव्हीच्या वरच्या फळीवर बसवला. त्यातून लेकीचा पाळणा दिसायचाच. सासूबाईंची खुर्ची जरा जास्तच नीट दिसायची.

नोकरी लिफ्टच्या कंपनीत होती. लिफ्टमध्ये कुणी अडकलं आणि आतलं लाल बटण दाबलं, की ते थेट आमच्या कानात वाजायचं. सुपरवायझर मॅडमनी शिकवलं होतं: आधी ‘घाबरू नका’, मग नाव, मग इमारत. "तुमच्या आवाजावर माणूस तग धरतो," त्या म्हणाल्या. लेकीला सलग दोन शिंका आल्या तरी डॉक्टरांना फोन लावणाऱ्या बाईला आता लोकांना धीर द्यायचा पगार मिळणार होता. नेमणूक तीन महिन्यांची. आवाज शांत राहिला तर पुढे कायम.

मोबाइल मी अर्धवट उघड्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलरला टेकवून ठेवायचे. त्यातला आवाज बंद, चित्र चालू. कानात अडकलेली माणसं, ड्रॉवरमध्ये रांगणारी लेक. दोन्हीकडे लक्ष आहे असं मला वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यात एक गृहस्थ अडकले. ‘घाबरू नका’ म्हणून झालं होतं. नाव विचारणार, तेवढ्यात लेकीने दाराशी जाऊन स्वतःची नवी कोरी चप्पल उचलली आणि पट्टा तोंडात घातला. सासूबाई पाठमोऱ्या बसून कपड्यांच्या घड्या करत होत्या. कॅमेऱ्यातून बोलायचीही सोय होती. मी मोबाइलवरचं माइकचं बटण दाबलं आणि ओरडले, "तोंडातून काढ! आधी तोंडातून काढ ते!"

ड्रॉवरमध्ये सासूबाई दचकून वळल्या. कानातल्या फोनचा माइकही चालूच होता. मग गृहस्थ दबक्या आवाजात म्हणाले, "काढलं."

"काय काढलंत?"

"च्युइंगम. पण... तुम्हाला आतलं दिसतं?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय सुचणार? सुटका होईपर्यंत ते बहुधा सावधान अवस्थेत उभे होते. बाहेर आल्यावर त्यांनी मुद्दाम फोन करून आमच्या दक्षतेचं कौतुक केलं.

मॅडमना ते कौतुक फारसं पटलं नाही. त्यांनी रेकॉर्डिंग माझ्यासमोर दोनदा ऐकलं. "तुम्ही कुठे बघत होतात, हे मी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा असं झालं तर मात्र कायम करायचं विसरा."

जागेवर आले तर शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण, जिला आम्ही हसरी म्हणतो, वाटच बघत होती. "कुणाच्या तोंडातून काय काढत होतीस गं?"

मी सगळं सांगितलं. वर म्हटलं, "काय करणार? सासूबाईंवर सोपवून आलेय. त्यांना धड दिसत नाही, सांगितलेलं ऐकायचं नाही. मलाच डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं."

"मग तूच त्यांची सुपरवायझर!" हसरी म्हणाली. "त्यांना तरी कायम करणारेस का?"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग माझं लक्ष ड्रॉवरमध्ये गेलं. मोबाइलवरचं माइकचं बटण अजून हिरवंच होतं, म्हणजे चालूच. पडद्यावर सासूबाईंनी घडी केलेला टॉवेल उलगडला आणि पुन्हा त्याची घडी केली.

संध्याकाळी जेवताना त्या म्हणाल्या, "तुझी ती मैत्रीण छान हसते हो."

मी मदतीसाठी शेजारी बघितलं. नवऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि स्वतःच्या ताटात डोकं खुपसलं.

"आणि मला लांबचं स्वच्छ दिसतं. जवळचं दिसत नाही, कारण चष्म्याची काडी मोडलीय. सांगितलं होतं याला."

"हो की, राहूनच गेलं," नवरा ताटाशीच बोलला.

"रविवारी जाईन म्हणते माझ्या लेकीकडे. तिच्याकडे कॅमेरा नाही."

आमच्या जवळच्या पाळणाघरात वर्षाच्या आतलं मूल घेत नाहीत. सासूबाई गेल्या की नोकरी गेली. ‘आई, चुकलं’ हे दोन शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात लेक रडली आणि मी सुटले.

रविवार अजून लांब होता, तरी आज सकाळी निघताना सासूबाईंची पिशवी पलंगाखालून बाहेर आलेली दिसली. ऑफिसात येऊन ड्रॉवर उघडला, तर मोबाइलवर नुसती भिंत. पांढरा रंग, एक खिळा. कॅमेऱ्याचं तोंड फिरवलं होतं.

खिळ्याकडे किती वेळ बघणार? मी कामाकडे बघितलं. थोड्याच वेळात एक तरुण आई अडकली. तिचं बाळ टाहो फोडत होतं आणि तीही रडायच्या बेतात होती.

"घाबरू नका. सोबत आणखी कुणी आहे?"

"सासूबाई आहेत."

"मग बाळ त्यांच्याकडे द्या आणि तुम्ही माझ्याशी बोला."

बाळ लगेच गप्प झालं. पाठीमागून एक म्हातारा आवाज काहीतरी गुणगुणत होता. मेकॅनिक पोचेपर्यंत ती, बाळ आणि मी ते ऐकत राहिलो.

"आज खऱ्या अर्थाने तुम्ही इथे होतात," मॅडम जाता जाता म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूपच.

तेव्हापासून घरी फोन लावतेय. उचलत नाहीत. आज अर्धी सुटी मागितली तर मॅडमचं ते वाक्य पाण्यात जाईल. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या इमारतीत एखाद्या दाराबाहेर पट्टा चावलेली इवलीशी चप्पल दिसली, तर जरा बेल वाजवा. बाळाचं विचारू नका, ते मजेत असणार. आजींना विचारा, जेवल्या का. पिशवी कुठे आहे तेही बघा. आणि तुमच्या वाटेवर चष्म्याचं दुकान असेल, तर मोडक्या काडीचा चष्मा दुरुस्तीला मागून घ्या.

मी पाठवलंय हे मात्र सांगू नका. त्यांना कळेलच म्हणा. लांबचं स्वच्छ दिसतं त्यांना.