गोगलगायीचा पाय

मी एक जुना फुटबॉल आहे. प्राथमिक शाळेच्या सामानाच्या खोलीत मैदान आखायच्या फक्कीच्या पोत्यामागे पडून असतो. माझ्यातली हवा बरीच गेली आहे. मित्रांनो, हवा गेली की काही वाटणंही कमी होतं. तेव्हा माझ्या गोष्टीत रडण्यासारखं काही शोधू नका.

कारखान्यात मला शिवलं, फुगवलं, आपटून पाहिलं आणि इथे पाठवलं. शाळेत तेव्हा फुटबॉल नवाच सुरू होत होता. तो शिकवायचं काम तिसरीच्या बाईंच्या गळ्यात पडलं. बाईंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आडदांड मुलं मला सोडत नाहीत आणि बाकीची नुसतीच धावतात, एवढं मात्र त्यांना दिसलं. म्हणून त्यांनी स्वतःचाच नियम काढला. आपल्या संघातल्या प्रत्येकाचा पाय चेंडूला लागल्याशिवाय गोल मारायचा नाही.

वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे गोगलगाय म्हणत. मी तिच्याकडे गेलो की सगळं मैदान थांबायचं. ती मला आधी नीट अडवायची, मग हळूच पुढे ढकलून म्हणायची, "माझा झाला. आता मारा." मग एकच गलका व्हायचा. शिपाईमामा रोज मला बोटाने दाबून बघायचे आणि हवा भरायचे. ते दिवस बरे होते.

पुढे शाळाशाळांचे सामने ठरले आणि प्रशिक्षक आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चपळ मुलं निवडली, गोगलगायीला राखीव म्हणून बाकावर बसवलं. मुलं एकमेकांना सारखा पास देतात हे बघून ते खूशही झाले. नियमाचं त्यांना कोणी सांगितलंच नाही.

सामना आमच्या मैदानावर होता, म्हणून चेंडू मीच. बरोबरी होती आणि वेळ संपत आला होता. आमचा कप्तान टिंगू मला घेऊन गोलासमोर आला. गोलकीपर घसरून पडला होता. टिंगू थांबला, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मला रेषेबाहेर, थेट बाकाकडे मारलं.

गोगलगाय उठली. तिने मला अडवलं, हळूच ढकललं.

"माझा झाला. आता मारा."

पंचांनी शिटी वाजवली. चेंडू समोरच्या संघाला मिळाला आणि त्यावरच त्यांनी गोल केला. आम्ही हरलो.

प्रशिक्षक ओरडले नाहीत. असं का केलंस, एवढंच त्यांनी टिंगूला विचारलं.

"तिचा राहिला होता, सर," तो म्हणाला.

प्रशिक्षकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली. नियम त्याच दिवशी बंद झाला. गोगलगाय पुन्हा मैदानात आली नाही.

आता नवे चेंडू आहेत, कपाटात कप आहेत, शाळेचं नाव झालं आहे. मला वाईट वाटत नाही, बरंही वाटत नाही. फक्की न्यायला आलेले शिपाईमामा सवयीने मला दाबून बघतात. बोट खोल जातं.

मित्रांनो, जुना चेंडू असा टाकून देऊ नका. पंप इथेच खिळ्याला टांगलेला आहे. गोगलगायीला बोलवा आणि मला गोलासमोर ठेवा. त्या दिवशीचे सगळ्यांचे पाय लागून झाले आहेत. गोल तेवढा राहिला आहे.